सशाची वाढ: जनुकांचा वाटा किती, आतड्यातील सूक्ष्मजीवांचा किती?

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या सशाचे पिल्लू जन्मताना साधारण 50 ते 60 ग्रॅम वजनाचे असते. पाच आठवड्यांचे झाल्यावर त्याला आईपासून तोडतात, तेव्हा ते 800 ग्रॅम ते एक किलोपर्यंत पोचलेले असते आणि पुढच्या पाच आठवड्यांत दिवसाला 40 ते 50 ग्रॅम या वेगाने वाढून ते अडीच किलोच्या जवळ जाते. हे सरासरीचे आकडे झाले. प्रत्यक्षात मात्र एकाच पिंजऱ्यात, एकाच खाद्यावर वाढलेल्या, एकाच वयाच्या दोन पिल्लांमध्ये शेवटी कित्येकशे ग्रॅमचा फरक पडलेला दिसतो, आणि त्यातल्या एकाने प्रत्येक किलो वजनासाठी दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त खाद्य संपवलेले असते. हा फरक कुठून येतो, या प्रश्नाला पूर्वी मुख्यतः जनुकांच्या अंगाने उत्तर दिले जाई. आतड्यातील जीवाणूंचा डीएनए मोठ्या प्रमाणावर वाचता येऊ लागल्यापासून त्यात सूक्ष्मजीवांची भर पडली आहे. या दोहोंकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले की बराच गोंधळ होतो असे मला वाटते, कारण सशाच्या शरीरात त्यांच्या वाटा जागोजागी एकमेकींत मिसळतात आणि त्या कुठे मिसळतात हे कळल्याशिवाय टक्केवारीच्या आकड्यांना फारसा अर्थ येत नाही.

त्यासाठी आधी सशाचे पोट समजून घ्यावे लागते. गाय किंवा शेळी चारा आंबवते ती जठराच्या आधीच्या कप्प्यात. म्हणजे सूक्ष्मजीव आधी चाऱ्यावर काम करतात आणि मग ते स्वतःच जठरात व लहान आतड्यात पचवले जातात. सशात हा क्रम उलटा आहे. अन्न आधी जठरातून आणि लहान आतड्यातून जाते, तेथे स्टार्च, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचा मोठा भाग शोषला जातो, आणि उरलेला तंतुमय भाग अंधनाल नावाच्या मोठ्या पिशवीत येऊन आंबतो. सशाच्या पचनमार्गात जेवढे म्हणून अन्नद्रव्य असते त्यातील सुमारे 40 टक्के या एका पिशवीत असते. तिच्या एक ग्रॅम द्रव्यात 10 हजार कोटींहून अधिक जीवाणू असतात. त्यांतील बहुसंख्य फर्मिक्युट्स या गटातील, त्याखालोखाल बॅक्टेरॉइडीट्स या गटातील असतात. त्यांच्याशिवाय अक्करमॅन्सियासारखे श्लेष्मावर जगणारे जीवाणू आणि मिथेन तयार करणारे मिथेनोब्रेव्हिबॅक्टर हे आर्किया वर्गातील सूक्ष्मजीवही तेथे नांदतात.

हे जीवाणू तंतुमय पदार्थांपासून ॲसिटिक, ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक ही लहान मेदाम्ले तयार करतात आणि ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात. दूध सुटलेल्या सशात ब्युटिरिक आम्ल प्रोपिऑनिकपेक्षा जास्त बनते, हे त्याचे एक वेगळेपण आहे, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांत सहसा याच्या उलट असते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली ऊर्जा मुख्यत्वे ब्युटिरिक आम्लातूनच घेतात, त्यामुळे हे आम्ल कमी पडले तर अस्तर कमकुवत होते. शरीर नुसते चालू ठेवण्यासाठी पूर्ण वाढलेल्या सशाला जेवढी ऊर्जा लागते तिचा एकतृतीयांश किंवा त्याहूनही मोठा हिस्सा या मेदाम्लांतून येऊ शकतो.

पण जीवाणूंनी तयार केलेली प्रथिने आणि जीवनसत्त्वे अंधनालात पडून राहिली तर सशाला त्यांचा काय उपयोग? ती शोषून घेणारे लहान आतडे तर मागे राहून गेलेले असते. येथे सशाच्या शरीराने एक विलक्षण युक्ती योजली आहे, आणि 1882 साली मोरो या फ्रेंच पशुवैद्याने तिचे वर्णन केले होते. मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग आतील द्रव्याची चाळणी करतो: जाडे, न पचणारे तंतू पुढे ढकलले जाऊन त्यांच्या नेहमीच्या कोरड्या, कठीण लेंड्या बनतात, तर बारीक कण आणि पाणी उलट दिशेच्या आकुंचनांनी पुन्हा अंधनालात परतवले जाते. दिवसातून काही काळ ही चाळणी थांबते आणि अंधनालातील द्रव्य श्लेष्माचे आवरण घेऊन लहान, मऊ, एकमेकांना चिकटलेल्या लेंड्यांच्या घोसाच्या रूपात बाहेर येते. ससा तो घोस जमिनीवर पडू देत नाही. मान खाली वळवून तो थेट गुदद्वारातून उचलतो आणि न चावता गिळतो. श्लेष्माचे आवरण लगेच फुटत नसल्याने जठरात गेल्यावरही काही तास त्यातील किण्वन चालूच राहते. कठीण लेंडीत सुक्या वजनाच्या साधारण 13 ते 15 टक्के प्रथिने असतात, तर मऊ लेंडीत 28 ते 30 टक्के, आणि त्यांतील बरीचशी खुद्द जीवाणूंच्या शरीरातून आलेली असतात. ब गटातील जीवनसत्त्वे, के जीवनसत्त्व आणि लायसिनसारखी आवश्यक अमिनो आम्लेही याच वाटेने सशाला मिळतात. सशाच्या वाढीत सूक्ष्मजीवांचा वाटा असतो असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा पहिला आणि अगदी शब्दशः अर्थ हा आहे की ससा त्यांना खातो.

आता जनुकांकडे वळू. सशात गुणसूत्रांच्या 22 जोड्या असतात. एकट्या जनुकामुळे आकार ठळकपणे बदलतो अशी उदाहरणे आहेत, पण ती अपवादात्मक होत. बटू सशांमध्ये एचएमजीए2 या जनुकापाशी डीएनएच्या सुमारे 12 हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो, हे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. तुकडा गळालेली एकच प्रत मिळाली तर ससा बुटका होतो, आणि आई-वडील दोघांकडूनही तशीच प्रत आली तर पिल्लू जगत नाही. मांसासाठीच्या वाणांतील वाढीचा वेग मात्र असा एका जागी ठरत नाही. तो शेकडो ठिकाणच्या बारीक बारीक फरकांतून घडतो. भूक किती लागते, हाडे केव्हा लांबायची थांबतात, स्नायूंत प्रथिने किती साठतात, आतडे किती लवकर प्रौढ होते, अशा अनेक प्रक्रियांवर हे फरक थोडा थोडा परिणाम करतात.

दूध तोडल्यानंतरच्या वाढीच्या वेगात सशा-सशांमध्ये जो फरक दिसतो त्यातील ढोबळमानाने पाव हिस्सा, कुठे त्याहून थोडा कमी तर कुठे थोडा जास्त, आनुवंशिक असल्याचे अनेक वाणांच्या अभ्यासांतून दिसते. निवड करून वेग वाढवायला एवढे प्रमाण भरपूर आहे, आणि तसा तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवलाही गेला आहे. पण याच हिशोबात आणखी एक आकडा निघतो आणि त्याकडे दुर्लक्ष होते: एकाच वेतात जन्मल्याचा परिणाम. एकाच वेतातील पिल्ले जनुकांच्या नात्यावरून अपेक्षित असते त्याहूनही एकमेकांसारखी वाढतात, कारण त्यांना एकच गर्भाशय, एकाच आईचे दूध, एकच घरटे आणि, आज आपण म्हणू शकतो, सूक्ष्मजीवांचा एकच पहिला वारसा मिळालेला असतो. पैदासशास्त्राने हा परिणाम फार पूर्वीच मोजला होता, मात्र त्याच्या आत काय काय दडले आहे हे पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

हा पहिला वारसा नेमका कसा पोचतो, हे घरट्यात बारकाईने पाहिले की कळते. सशीण पिल्लांना दिवसातून सहसा एकदाच, तेही तीन ते पाच मिनिटेच पाजते. तिच्या दुधात लॅक्टोज फारच कमी आणि स्निग्धांश भरपूर असतो, आणि त्या स्निग्धांशात कॅप्रिलिक व कॅप्रिक या जीवाणूंना रोखणाऱ्या मेदाम्लांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात, आम्ल अजून पुरेसे बनत नसतानाही, फारसे जीवाणू टिकत नाहीत. अंधनालात मात्र ते पहिल्या आठवड्यापासूनच वाढू लागतात. विण्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पाजून परत जाताना आई घरट्यात आपल्या काही कठीण लेंड्या टाकून जाते, आणि पिल्ले दाणा खायला लागण्याच्याही आधी त्या कुरतडतात. वरवर पाहणाऱ्याला ही अस्वच्छता वाटेल आणि ती लगेच साफ करावी अशीच कोणाचीही पहिली इच्छा होईल. फ्रान्समधील तुलूज येथील संशोधकांनी घरट्यातून या लेंड्या काढून घेतल्या किंवा वाढवल्या तर काय होते याचा अभ्यास केला, तेव्हा पिल्लांच्या अंधनालातील जीवाणूंचा समुदाय कसा आणि किती लवकर बसतो यावर आणि त्यांच्या आरोग्यावरही या लेंड्या खाण्याचा परिणाम होतो असे त्यांना आढळले. साधारण अडीच आठवड्यांनी पिल्ले घन खाद्य तोंडात घेऊ लागतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वतःच्या मऊ लेंड्या गिळायला लागतात, आणि त्यानंतर त्यांच्या अंधनालातील समुदाय झपाट्याने प्रौढ सशासारखा होत जातो.

या सुरुवातीच्या काळाचे महत्त्व पचनापुरते मर्यादित नाही. सशाच्या आतड्याला जोडून आंत्रपुच्छ आणि सॅक्युलस रोटंडस असे रोगप्रतिकारक ऊतींचे दोन मोठे साठे असतात, आणि प्रतिपिंडांची विविधता घडवण्याचे काम सशात बऱ्याच अंशी तेथे होते. आतड्यात जीवाणू नसतील तर या ऊती नीट वाढतच नाहीत. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की बॅसिलस सबटिलिस आणि बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या दोन जीवाणूंची जोडी एकत्र दिली तर या ऊतींचा विकास होतो. दोहोंपैकी एकट्याने तो तसा होत नाही. म्हणजे एखाद्या जीवाणूचा गुण त्याच्या शेजारी दुसरा कोणता जीवाणू आहे यावरही अवलंबून असतो. एकाच जीवाणूची पूड खाद्यात मिसळून वाढ सुधारण्याचे प्रयत्न कधी यशस्वी तर कधी निष्फळ का ठरतात, याचे एक कारण मला येथे दिसते.

जनुके आणि सूक्ष्मजीव यांचा संबंध दोन प्रकारचा असू शकतो. पहिल्या प्रकारात सशाची जनुकेच कोणते जीवाणू टिकावेत हे काही अंशी ठरवतात: आतड्यातील श्लेष्मावर कोणत्या शर्करा असतील, पित्ताम्ले किती स्रवतील, आतडे अन्न किती वेगाने पुढे ढकलेल, प्रतिपिंडे कोणत्या जीवाणूंना चिकटतील, हे सारे जनुकांवर अवलंबून असते. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण डुकरांत सापडले आहे. तेथे रक्तगटाशी संबंधित असलेल्या एबीओ जनुकातील एक तुकडा गळालेला असला तर आतड्यात एका विशिष्ट शर्करेचा पुरवठा कमी होतो आणि तिच्यावर जगणाऱ्या जीवाणूंची संख्या घटते, हे 2022 साली दाखवले गेले. दुसऱ्या प्रकारात जीवाणूंची ठेवण जनुकांपासून जवळजवळ स्वतंत्र असते. ती घरट्यातून, खाद्यातून, पाण्यातून, औषधांतून आणि पिंजऱ्यातील सोबत्यांकडून येते आणि जनुकांच्या परिणामात आपली भर घालते.

सशांमध्ये पहिल्या प्रकाराचा पुरावा स्पेनमधील वालेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातून आला आहे. तेथे एकाच मूळ कळपापासून सशांची दोन कुळे तयार केली गेली: एकात स्नायूंच्या आतील चरबी पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेली, तर दुसऱ्यात ती कमी करत नेली. दोन्ही कुळे एकाच ठिकाणी, एकाच खाद्यावर वाढत असूनही त्यांच्या अंधनालातील सूक्ष्मजीवांच्या जनुकसंचात फरक पडल्याचे दिसून आले. निवड सशांची केली होती, जीवाणूंना कोणी हातही लावला नव्हता. तरी जीवाणूंचा समुदाय बदलला. तो बदल चरबीचे कारण आहे की परिणाम, हे मात्र अशा तुलनेतून पूर्णपणे ठरत नाही.

मग दोन्हींचे वाटे वेगळे कसे करायचे? पद्धत गणिती असली तरी तिच्यामागची कल्पना अवघड नाही. समजा, तीन-चारशे सशांची वाढ मोजली आहे. प्रत्येक दोन सशांमध्ये जनुकीय साम्य किती आहे याचा एक तक्ता डीएनएवरून बनवायचा आणि त्यांच्या अंधनालातील जीवाणूंच्या यादीत साम्य किती आहे याचा दुसरा तक्ता बनवायचा. जनुकीयदृष्ट्या जवळच्या जोड्या वाढीतही जवळ असतील तर त्या प्रमाणात वाढीतील फरकाचे श्रेय जनुकांकडे जाते. जीवाणूंच्या यादीने जवळच्या जोड्या वाढीत जवळ असतील तर श्रेय सूक्ष्मजीवांकडे जाते. दोन्ही तक्ते एकाच वेळी समीकरणात घातले की वाटे वेगळे होतात, निदान तशी अपेक्षा असते. स्पेनमधील कॅटलोनियाच्या इर्टा या कृषी संशोधन संस्थेत वाढीच्या वेगासाठी निवडलेल्या काल्देस या वाणाच्या सशांवर असे काम झाले आहे. काही सशांना हवे तेवढे खाद्य दिले गेले, काहींना त्याच्या 75 टक्केच, आणि सूक्ष्मजीवांची माहिती घेतल्यावर खाद्याच्या कार्यक्षमतेचा अंदाज अधिक चांगला बांधता आला.

येथेच सावध राहण्याची गरज आहे, कारण या हिशोबात तीन अडचणी आहेत आणि तिन्ही खऱ्याखुऱ्या आहेत. सर्वांत मोठी अडचण काळाची आहे. अंधनालातील द्रव्य सहसा कत्तलीनंतरच मिळते. म्हणजे महिनाभर झालेल्या वाढीची तुलना महिन्याच्या शेवटी सापडलेल्या जीवाणूंशी केली जाते. जास्त खाणाऱ्या सशाच्या पोटातून अन्न वेगाने पुढे सरकते आणि त्यामुळे जीवाणूंची ठेवणच बदलते. अशा वेळी शेवटी दिसलेले जीवाणू हे जलद वाढीचे कारण नसून भरपूर भुकेची खूण असू शकतात, आणि ती भूक जनुकांतून आलेली असू शकते. आईपासून तोडण्याच्या दिवशी घेतलेल्या विष्ठेच्या नमुन्यावरून पुढच्या वाढीचा अंदाज बांधता आला तर त्या पुराव्याचे वजन अधिक, हे लक्षात ठेवूनच अशा बातम्या वाचाव्यात. त्यातही विष्ठा म्हणजे कठीण लेंडी की मऊ हे पाहावे लागते, कारण अंधनालाच्या अधिक जवळची असते ती मऊ लेंडी, आणि नमुना म्हणून हाती येते ती बहुधा कठीण.

दुसरी अडचण पिंजऱ्याची. एका पिंजऱ्यातले ससे सतत एकमेकांच्या आणि एकमेकांच्या विष्ठेच्या संपर्कात राहतात, एकाच नळीतून पाणी पितात, आणि त्यामुळे त्यांचे जीवाणू एकसारखे होत जातात. पण एका पिंजऱ्यातले तापमान, गर्दी आणि खाद्यासाठीची चढाओढही एकसारखीच असते. जीवाणूंच्या नावावर मांडलेला वाटा प्रत्यक्षात पिंजऱ्याचा असू शकतो. तिसरी अडचण मोजणीची आहे. डीएनए वाचून सहसा जीवाणूंचे परस्पर प्रमाण कळते, खरी संख्या कळत नाही. अ आणि ब हे दोनच जीवाणू प्रत्येकी 50 असतील आणि अ दुप्पट होऊन 100 झाला, तर ब जिथल्या तिथे राहूनही त्याचा हिस्सा 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर उतरतो. यावरून ब हा जीवाणू वाढीला मारक आहे असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल, आणि असे निष्कर्ष निघतात.

या अडचणींतून वाट काढण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे दाईबदल. खाद्याचा चांगला उपयोग करणाऱ्या वाणाची नवजात पिल्ले साध्या वाणाच्या सशिणीखाली ठेवायची आणि साध्या वाणाची पिल्ले चांगल्या वाणाच्या सशिणीखाली; शिवाय काही पिल्ले आपापल्या वाणाच्याच दाईकडे. आता जनुके जन्मदात्या आईची आणि घरट्यातील लेंड्या, दूध व पहिले जीवाणू दाईचे, अशी फाळणी होते. पुढची वाढ जन्मदात्या वाणाप्रमाणे झाली तर जनुकांचे पारडे जड, दाईच्या वाणाप्रमाणे झाली तर घरट्याचे. गर्भाशयाचा परिणाम यातून सुटत नाही, तसेच दूध आणि जीवाणू हेही एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. तरी नुसत्या आकडेमोडीपेक्षा हा पुरावा मला पुष्कळ अधिक विश्वासार्ह वाटतो.

ससेपालकाच्या दृष्टीने या सगळ्याचा सर्वांत निकडीचा भाग दूध तोडल्यानंतरचे दोन-तीन आठवडे हा आहे. या काळात पिल्लाचे लहान आतडे स्टार्च पूर्णपणे पचवण्याइतके तयार झालेले नसते. खाद्यात स्टार्च जास्त आणि तंतू कमी असतील तर न पचलेले स्टार्च अंधनालात उतरते, तेथील किण्वन बिघडते, आतड्याची हालचाल मंदावते आणि ई. कोलाय किंवा क्लॉस्ट्रिडियमसारख्या जीवाणूंना मोकळे रान मिळते. मग पोट फुगते, हगवण लागते, आणि जगलेले पिल्लूही वाढीत मागे पडते. 1996-97 च्या सुमारास फ्रान्समध्ये प्रथम आढळलेल्या आणि युरोपभर पसरलेल्या साथीच्या आतडेविकाराने याच वयाच्या पिल्लांचा मोठ्या प्रमाणावर बळी घेतला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे खाद्यात प्रतिजैविके मिसळून त्याला आवर घातला गेला. युरोपीय संघाने 2006 च्या आरंभापासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली, आणि 28 जानेवारी 2022 पासून रोग होऊ नये म्हणून सरसकट कळपाला ती देण्यावरही कडक निर्बंध आले.

त्यामुळे आता भर आहे तो न पचणारे आणि सहज आंबणारे अशा दोन्ही प्रकारच्या तंतूंचे प्रमाण नीट राखण्यावर आणि दूध तोडल्यानंतर सुमारे तीन आठवडे खाद्य थोडे हात राखून, म्हणजे भुकेच्या साधारण 75 ते 80 टक्के, देण्यावर. या काळात पिल्ले मागे पडल्यासारखी दिसतात. पुढे पोटभर खाद्य मिळाले की ती बरीचशी भरपाई करतात आणि पोटाच्या विकारांनी होणारे मृत्यू घटतात. पैदासकारांपुढे यातून एक नवा प्रश्न उभा राहतो: पोटभर खाद्यावर सर्वांत वेगाने वाढणारा ससा मोजक्या खाद्यावरही पुढे राहीलच असे नाही, कारण पहिल्या परिस्थितीत मुख्यतः भुकेची जनुके निवडली जातात आणि दुसऱ्या परिस्थितीत मिळालेल्या अन्नाचा उपयोग करणारी. अंधनालातील जीवाणूही या दोन परिस्थितींत वेगवेगळे असतात. म्हणून ज्या पद्धतीने ससे प्रत्यक्ष वाढवायचे आहेत त्याच पद्धतीच्या खाद्यावर निवडीसाठीची मापे घेणे, आणि जीवाणूंचे नमुनेही त्याच सशांतून, शक्यतो दूध तोडण्याच्या वेळी घेणे, हा या घडीला सर्वांत सयुक्तिक मार्ग दिसतो.